पहिल्या लेक्चरचा सूड

आमच्या गावाहून सकाळची पहिली एस.टी. रत्नागिरीअलीकडच्या हातखंब्याला पोचेपर्यंत कॉलेजचं पहिलं लेक्चर सुटलेलं असायचं. म्हणून बारावीनंतर मला एफ.वाय.बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला तेव्हा मी रत्नागिरीत आत्याकडे राहायचं ठरलं. बाबा मुंबईला एका गोदामात नोकरीला होते, गणपती आणि दिवाळीला घरी यायचे. आई शेत आणि गुरं टाकून हलू शकत नव्हती. आत्या बाबांची थोरली बहीण. आमच्या पडवीत बसून ती सगळ्यांसमोर म्हणाली, "माझी मुलगी कॉलेजात जाणारच आहे, तिच्यासोबत ही. मला काय जड आहे?" आईने मला तिच्या पाया पडायला लावलं. त्या नमस्काराचा मला अजून राग येतो.

आत्या डबे द्यायची. मिरजोळ्याला कारखान्यांत कामाला आलेले, घरापासून लांब राहणारे पुरुष तिचं गिऱ्हाईक. पहिल्या आठवड्यात ती म्हणाली, "चार चपात्या लाटू लाग गो बाय, तेवढाच माझा हात हलका." मी लाटू लागले. मला त्यात काही वाटलं नाही, घरी आईबरोबर भाताची लावणी करून आलेली मुलगी मी. मग चार चपात्यांच्या सगळ्याच चपात्या झाल्या. मग कणीक मळणं आलं, त्याआधी नळाचं पाणी भरणं आलं. श्रावण उजाडेपर्यंत आत्या सकाळी उठून चहा घेऊन ओट्याशी स्टुलावर बसायची आणि डब्यांत कोणाला भाजी किती घालायची तेवढं सांगायची.

पहिलं लेक्चर साडेसातला असायचं, केमिस्ट्रीचं. मी पोचायचे ते दुसऱ्याच्या मध्यावर, हाताला पीठ आणि केसांना फोडणीचा वास घेऊन. माझी आतेबहीण माझ्याच वर्गात होती. ती वेळेवर गेलेली असायची, पुढच्या बाकावर. मी दारात दिसले की ती वहीत बघायची.

दुपारी बारापासून प्रॅक्टिकल्स. केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी, प्रत्येकाची वेगळी बॅच, वेगळी जर्नल. डबे न्यायला एक रिक्षावाला लावलेला होता, पण कारखान्यांच्या गेटवर डबे उतरवून आदल्या दिवशीचे रिकामे गोळा करायला कोणीतरी हवं असायचं. पूर्वी आत्या स्वतः जायची. आता तिचे गुडघे दुखायला लागले होते. मी आले आणि दुखायला लागले. मग आठवड्यातून दोन-तीन दुपारी मी केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये असायच्या ऐवजी रिक्षात मांडीवर डबे घेऊन मिरजोळ्याच्या रस्त्याला असायचे.

"आत्या, आज टायट्रेशन आहे," मी एकदा म्हटलं.

"असू दे. ते काय पळून जातंय? अभ्यास परीक्षेच्या आधी करायचा असतो."

संध्याकाळी मी जर्नल लिहायला बसले की आतेबहीण तिचीही जर्नल आणून ठेवायची. तिला आकृत्या जमत नसत. गांडुळाची पचनसंस्था, फर्नच्या पानाचा आडवा छेद, सगळं मी दोनदा काढायचे. एकदा माझं, एकदा तिचं. तिचं आधी, कारण तिला दुसऱ्या दिवशी सबमिट करायचं असायचं आणि मी त्या प्रॅक्टिकलला गेलेलीच नसायची. कोपऱ्यात बसलेला माझा आतोबा, ज्याला मी काका म्हणायचे, हे सगळं बघायचा. कचेरीतून येऊन रेडिओ लावायचा. वाईट माणूस नव्हता. काही न बोलणाऱ्या माणसाला वाईट म्हणायची पद्धत नाही, एवढंच.

पहिल्या सत्राच्या परीक्षेत मी केमिस्ट्रीत नापास झाले. आयुष्यात पहिल्यांदा. केमिस्ट्रीच्या मॅडमनी बोलावून घेतलं आणि दिवाळीच्या सुट्टीआधी वडिलांना घेऊन ये म्हणाल्या. बाबा दिवाळीला येणारच होते, ते एक दिवस आधी उतरले.

मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी हजेरी दाखवली आणि म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे. पण पहिल्या लेक्चरला नसते आणि प्रॅक्टिकलला तर नसतेच. अशीच राहिली तर वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही." बाबांनी माझ्याकडे बघितलं. मला तिथे सांगता आलं असतं. पण मॅडमसमोर घरातलं उघडं करायचं नाही असं मला वाटलं. घरी गेल्यावर आत्याच सांगेल, तिला सांगावंच लागेल, अशी माझी समजूत होती. मी अठरा वर्षांची होते.

घरी बाबांनी चप्पल काढायच्या आधी विचारलं, "ताई, ही कॉलेजला जात नाही म्हणतात. मग असते कुठे?"

आत्या कोथिंबीर निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत. परक्यांसमोर ती बोलायची तसं अगदी पुस्तकी बोलली. "मी काय सांगू तुला. घरातून तर वेळेवर निघते. पुढे कुठे जाते ते मला कसं कळणार? मांडवीला समुद्रावर पोरं-पोरी बसलेली असतात म्हणे कॉलेजची. मी नाही बघायला गेले."

माझी आतेबहीण विळीवर नारळ खोवत होती. ती खोवत राहिली. आतोबाने रेडिओचा आवाज थोडा वाढवला.

"बाबा, मी इथेच होते," मी म्हटलं. "चपात्या लाटत होते. डबे पोचवत होते."

"चपात्या करतात की सगळ्याच पोरी," आत्या म्हणाली. "मीही केल्या. म्हणून का कोणी नापास होतं?"

बाबा चपला पायात घालून तसेच उभे होते. मग म्हणाले, "मे महिन्यात बघू. स्थळं बघायला घेऊ." त्यांनी मला काही विचारलं नाही. मारलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर मी भांडले असते. मी मांडवी तेव्हा बघितलीसुद्धा नव्हती. रत्नागिरीत येऊन पाच महिने झाले होते आणि समुद्र मी रिक्षातून, दोन घरांच्या फटीतून बघितला होता.

दिवाळीत मी गावी होते. आई करंज्या तळत होती आणि मी तिला काही सांगितलं नाही. सांगून ती रडली असती आणि मग मला तिची समजूत काढावी लागली असती. मला रडायचं नव्हतं. आत्याला रडवायचं होतं. कसं, ते मी चार दिवस भात झोडताना मनात घोळवत होते. आईला वाटलं, मी मन लावून काम करते आहे.

आत्याच्या घराच्या बाजूला चिऱ्यांचा गडगा होता, कमरेएवढा, आणि त्याच्यापलीकडे एका निवृत्त हवालदारांचं घर. त्यांच्या बायकोशी आत्याचं बोलणं नव्हतं. गडगा बांधताना तो आपल्या जमिनीत घेतला असं दोघींचं एकमेकींविषयी म्हणणं होतं. पण खरं कारण वेगळं होतं. त्या बाईंनीही कधीकाळी डबे सुरू केले होते आणि आत्याने त्यांच्या जेवणात झुरळ निघालं म्हणून गावभर सांगितलं. ते निघालं नव्हतं. हे आत्यानेच मला हसत हसत सांगितलं होतं, चपात्या लाटता लाटता, माझ्यावर विश्वास ठेवून.

सुट्टीनंतर परत आले आणि दुसऱ्याच सकाळी, नळावर पाणी भरताना, मी त्या बाईंना गडग्यावरून हाक मारली.

"मावशी, तुम्हाला परत डबे सुरू करायचे आहेत का?"

त्यांनी हंडा खाली ठेवला. "कोण विचारतंय? तुझी आत्या?"

"मी विचारते आहे."

मी त्यांना सगळं सांगितलं, झुरळाचंसुद्धा. ते ऐकून त्यांनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "तुला काय हवं आहे?"

"राहायला जागा. सकाळी मी तुम्हाला सगळ्या चपात्या लाटून देईन, पण सात वाजता हात धुऊन निघणार. दुपारी मी नाही. संध्याकाळी मी नाही. रविवारी तुम्ही सांगाल ते."

"आणि गिऱ्हाईक?"

"ते माझ्यावर सोडा."

मावशींनी नवऱ्याला विचारते म्हणून सांगितलं. हवालदारकाका गडग्याशी आले, मला वरून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "वडिलांना माहीत आहे?" मी नाही म्हटलं. "मग त्यांना पत्र मी लिहितो," ते म्हणाले. "पळून आलेली पोरगी मला घरात नको. राहायला आलेली चालेल."

मी लगेच गेले नाही. इथे माझा खरा दुष्टपणा सुरू होतो आणि त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. मिरजोळ्याच्या एका कारखान्यात मार्गशीर्षात सत्यनारायण असायचा आणि सगळ्या कामगारांना जेवण. ती ऑर्डर आत्याला त्या वर्षी पहिल्यांदा मिळाली होती. ती महिनाभर त्याविषयी बोलत होती. मोठे टोप भाड्याने आणले, भटारखान्यासारखी चूल अंगणात मांडली. "तू आहेस म्हणून घेतली ऑर्डर," ती मला म्हणाली. त्या दिवसांत ती माझ्याशी गोड वागत होती, एकदा तर तिने माझ्या केसांना तेल लावलं. मी बसून लावून घेतलं.

त्या दरम्यान मी एक गोष्ट मात्र शिकले, की वेळ चोरता येतो. कणीक मळताना वनस्पतींची लॅटिन नावं म्हणायची. रिक्षात अभिक्रिया पाठ करायच्या, रिक्षावाला मी मंत्र म्हणते असं समजायचा. आणि आतेबहिणीची जर्नल मी घेऊन ठेवायचे, पण त्यात काही काढायचे नाही. "ठेव, करते, सहीला वेळ आहे," म्हणायचे. ती ठेवायची.

सत्यनारायणाच्या दिवशी पहाटे मी पाणी भरायला उठले आणि माझी पत्र्याची पेटी गडग्यावरून मावशींच्या हातात दिली. मग अंघोळ केली, स्वच्छ ड्रेस घातला, लॅबचा पांढरा कोट घडी करून पिशवीत ठेवला. आत्या उठून आली तेव्हा परातीत पीठ कोरडं होतं.

"कणीक?"

"मळलेली नाही."

"म्हणजे?"

"माझं पहिलं लेक्चर आहे. दुपारी प्रॅक्टिकल."

तिला वाटलं मी थट्टा करते आहे. मग माझ्या पायांत चप्पल दिसली. तिचं पुस्तकी बोलणं गळून पडलं. "आज? अगो, आज सोडून जातंस? माणसं जेवायची हायत. काय सांगू मी त्यांना?"

"सांग की घरातून वेळेवर निघाली. पुढे कुठे गेली, मला कसं कळणार."

तिचा चेहरा मी नीट बघून घेतला. घाई असूनही बघितला. मग निघाले. आतेबहीण बाथरूमच्या दारात ब्रश घेऊन उभी होती. तिला त्या दिवशी कॉलेजला जाता आलं नाही.

मी पहिल्या लेक्चरला पहिल्या बाकावर बसले. मॅडमनी हजेरी घेताना वर बघितलं आणि माझ्या नावापुढे खूण केली. दुपारी प्रॅक्टिकलला ब्युरेटमधून थेंब पडताना मिरजोळ्याला काय चाललं असेल ते माझ्या डोळ्यांसमोर येत होतं. माझं रीडिंग दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा बरोबर आलं. संध्याकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा मांडवीला गेले. धक्क्यावर खरंच कॉलेजची मुलं-मुली बसलेली होती. मी एकटी बसून भेळ खाल्ली, कागद नीट घडी करून टाकला आणि मावशींकडे गेले.

मिरजोळ्याला त्या दिवशी नुसता भात आणि आमटी गेली, तीही उशिरा. आत्याने शेजारच्या आळीतल्या दोन बायकांना बोलावलं होतं, पण चपात्या पुरल्या नाहीत आणि ज्या गेल्या त्या कडेला कच्च्या होत्या. हे मला दुसऱ्या दिवशी खुद्द कामगारांनी सांगितलं. कारण दुसऱ्या दिवशी, शनिवारी, कॉलेज लवकर सुटल्यावर मी तिथे गेले आणि गेटवर उभी राहिले. सगळे मला ओळखत होते. मी त्यांना सांगितलं, "तुम्ही इतके दिवस खाल्ल्या त्या चपात्या माझ्या हाताच्या होत्या. सोमवारपासून त्या गडग्यापलीकडच्या घरातून येतील. आमटीत पाणी नसेल." शेवटचं वाक्य बोलायची गरज नव्हती. मी मुद्दाम बोलले.

एक वयस्कर फिटर होता, त्याने विचारलं, "ती तुझी आत्या ना?" मी हो म्हटलं. त्याने मान हलवली आणि डबा मात्र सोमवारपासून मावशींचा घेतला. हळूहळू बहुतेकांनी घेतला. रिक्षावाल्यालाही काय, तोच रस्ता, तेच गेट.

आत्याने मुंबईला फोन केला. त्यानंतर, मी राहायला गेले त्याच दिवशी हवालदारकाकांनी लिहिलेल्या पत्राला बाबांचं उत्तर आलं, दोन ओळींचं. मुलीला तुमच्या भरवशावर ठेवतो आहे, मे महिन्यात घेऊन जाईन. मला वेगळी ओळ नव्हती.

मे महिना लांब होता असं नाही. डिसेंबर ते मार्च मी जसा अभ्यास केला तसा नंतर कधी केला नाही. मॅडमनी बुडालेली प्रॅक्टिकल्स दुसऱ्या तुकडीबरोबर शनिवारी करायची परवानगी दिली. सकाळी सात वाजले की मावशी स्वतः माझ्या हातातलं लाटणं काढून घ्यायच्या, "जा, तुझी वेळ झाली." हवालदारकाकांनी माझं टाइमटेबल त्यांच्या जुन्या ड्युटीच्या तक्त्यासारखं आखून भिंतीला लावलं. मी लेक्चरमध्ये पेंगायचे, नाही असं नाही. पण पुस्तक उघडलं आणि कंटाळा आला की मी गडग्याकडे बघायचे. पलीकडच्या अंगणात भाड्याचे टोप धुऊन उपडे घातलेले असायचे, कितीतरी दिवस कोणी परत नेले नाहीत. ते बघितलं की माझी झोप जायची.

जानेवारीत आतेबहीण मला कॉरिडॉरमध्ये भेटली. जर्नलवर सही घ्यायची शेवटची तारीख जवळ आली होती.

"माझ्या झूलॉजीच्या आकृत्या राहिल्यात," ती म्हणाली. "तू म्हणाली होतीस करते."

"हो, म्हणाले होते."

"आता मी काय करू?"

"नारळ खोवताना ऐकत होतीस ना त्या दिवशी?" मी विचारलं. "तेव्हा तू जे केलंस तेच कर. काही करू नकोस."

ती रडली. मी तिच्याजवळून निघून वर्गात गेले. तिला झूलॉजीत ए.टी.के.टी. लागली. मला फर्स्ट क्लास मिळाला आणि बॉटनीत मी कॉलेजात पहिली आले. मे महिन्यात बाबा आले तेव्हा मॅडमनी त्यांना बोलावून सांगितलं की ही मुलगी घरी बसवू नका. स्थळांचा विषय मागे पडला.

गणपतीच्या आधी आमच्या समाजाच्या मंडळाने रत्नागिरीत विद्यार्थ्यांचा सत्कार ठेवला. बाबा त्या वर्षी लवकर आले होते, आईही गावाहून आली. आत्या पहिल्या रांगेत बसली होती, नवीन साडीत. मला नारळ आणि पुष्पगुच्छ दिला तेव्हा सूत्रसंचालन करणारे गृहस्थ म्हणाले, "गावातून येऊन, आत्याच्या घरी राहून हिने हे यश मिळवलं." हे त्यांना कोणी सांगितलं ते उघड होतं. आत्या पदर सावरून हसली, टाळ्या घेतल्या.

मी माईक मागितला. कोणी मुली मागत नसत, त्यामुळे नाही म्हणायचं त्यांना सुचलं नाही.

"आत्याकडे मी सहा महिने होते," मी म्हटलं. "त्या सहा महिन्यांत मला पहिलं लेक्चर कधी मिळालं नाही, कारण मी तिच्या डब्यांच्या चपात्या करत होते. मी केमिस्ट्रीत नापास झाले ती तेव्हा. पास झाले ती शेजारच्या मावशींच्या घरी. त्या इथे मागे बसल्या आहेत. टाळ्या त्यांच्यासाठी वाजवा."

कोणी वाजवल्या, कोणी नाही. मावशी उठून उभ्या राहिल्या नाहीत, त्यांनी मान खाली घातली होती. आत्या मात्र उठली आणि मधल्या वाटेने बाहेर गेली. तिला दारापर्यंत पोचायला बराच वेळ लागला, खुर्च्या दाटीने मांडल्या होत्या आणि प्रत्येकाला पाय आखडून वाट द्यावी लागत होती. मी माईक हातात धरून ते सगळं बघितलं. तिने त्यानंतर आमच्या घरी पाऊल टाकलं नाही. डबे तर आधीच बंद पडले होते. लोक म्हणाले, मोठ्यांचा असा अपमान करू नये. आईसुद्धा म्हणाली. मी माझ्या मनाला अनेकदा विचारून बघितलं आहे, वाईट वाटतं का म्हणून. नाही वाटत.

सत्कारानंतर आम्ही तिघं गावी निघालो. हातखंब्याला दुसऱ्या गाडीसाठी थांबावं लागलं. आई फुलांचा गुच्छ मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. बाबा माझ्या बाजूला उभे होते, हायवेवरचे ट्रक बघत. मला वाटलं आता ते बोलतील. वर्षभर मी त्या एका वाक्याची वाट बघत होते. चुकलं माझं, असंही नको, नुसतं विचारायला हवं होतं असं म्हटलं असतं तरी मला पुरलं असतं.

त्यांनी घसा साफ केला. "एक विचारू?" ते म्हणाले. "आता सगळं झालंच आहे. पण तेव्हा, दिवाळीच्या आधी... तू खरंच जात नव्हतीस ना गो मांडवीला?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी बाबांकडे बघत राहिले. आत्याचं काय करायचं ते मला चार दिवसांत सुचलं होतं. बाबांचं काय करायचं ते मला तिथे उभ्या उभ्या सुचलं नाही, आणि पुढेही नाही.

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी सुटल्यासारखी मान डोलावली आणि समोरच्या टपरीवरून तिघांसाठी चहा घेऊन आले. मी तो प्यायले नाही. गाडी आली तेव्हा कप तसाच भरलेला बाकाखाली ठेवला आणि आईच्या शेजारी जाऊन बसले. बाबा मागच्या सीटवर बसले. गावापर्यंत मी मागे वळून बघितलं नाही.